पालापाचोळ्यातील गोंडवन

सदाहरित अरण्यातील ओलसर पालापाचोळा चाळणीत घेऊन पांढऱ्या कापडावर चाळला, की मातीच्या कणांबरोबर क्वचित एखादा तपकिरी ठिपका खाली पडतो. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा हा ठिपका काही वेळ निश्चल राहतो आणि मग आपल्या आठ आखूड पायांवर सावकाश चालू लागतो. प्रथमदर्शनी तो गोचीड वाटावा. परंतु तो आहे 'हार्वेस्टमन' या अष्टपादांच्या गणातील 'सायफोफ्थाल्मी' नामक एका अप्रसिद्ध गटाचा सदस्य.

हार्वेस्टमन म्हणजे कोळी नव्हे. त्याच्या शरीराला कोळ्यासारखी कंबर नसते, त्याच्यापाशी विष नसते आणि त्याला जाळेही विणता येत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतील झाडांच्या खोडांवर केसासारख्या बारीक, लांबलचक पायांचे जीव घोळक्याने बसलेले दिसतात, ते याच गणातले. सायफोफ्थाल्मी हे त्यांचे आखूड पायांचे भाऊबंद. बहुतेकांना डोळे नसतात. पाठीवर दोन्ही बाजूंस शंकूच्या आकाराचे उंचवटे असून त्यांतून उग्र वासाचा द्रव स्रवतो. संरक्षणाची सारी भिस्त त्यावरच.

इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि कोळ्यांचे अभ्यासक ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी 1875 साली तत्कालीन सिलोनमधील अशाच एका जातीचे वर्णन केले. तिला त्यांनी दिलेल्या 'सिमिसिफॉर्मिस' या नावाचा अर्थ 'ढेकणासारखी'! पुढल्याच वर्षी थोरेल यांनी तिच्यासाठी 'पेटॅलस' ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली.

या ढेकणासारख्या जिवाचे नातलग कोठे आढळावेत? पेटॅलस ज्या 'पेटॅलिडी' कुळातील आहे, त्याच्या अन्य प्रजाती दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि थेट चिलीत आहेत. कोळ्याची पिल्ले रेशमाच्या तंतूवर स्वार होऊन वाऱ्याबरोबर दूरवर जातात. येथे पंख नाहीत आणि तंतूही नाही. कोरडी हवा सोसत नाही, त्यामुळे एखादे रुक्ष पठारही ओलांडणे कठीण. महासागर तर दूरच. उलगडा एकच : हे जीव जागचे फारसे हलले नाहीत, त्यांच्या पायांखालची भूमी मात्र दूर गेली. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी ज्याचे विभाजन सुरू झाले, त्या दक्षिणेकडील महाखंडाचे हे प्राचीन रहिवासी. त्या महाखंडाचे 'गोंडवन' हे नाव आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले, ही गोष्ट येथे आवर्जून सांगायला हवी.

आणि नेमका येथेच पेच पडतो. श्रीलंकेत असलेल्या पेटॅलिडी कुळाची भारतीय द्वीपकल्पातून मात्र नोंद नाही. वास्तविक हे दोन्ही भूभाग एकाच तुकड्याचे. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा तर त्यांच्यामध्ये कोरडी जमीनही होती. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले, त्याकडे साहजिकच बोट दाखविले जाते. हे कारण महाराष्ट्रापुरते पटते. परंतु केरळ आणि तमिळनाडूतील घाटांचे खडक त्या लाव्ह्याखाली कधी गाडलेच गेले नव्हते. तेव्हा एवढ्या स्पष्टीकरणावर समाधान मानणे अवघड आहे.

भारत या गटाला पारखा आहे, असे मात्र नाही. 2007 साली गोन्झालो गिरिबेट, प्रशांत शर्मा आणि डी. बी. बस्तवडे यांनी ईशान्य भारतातून एका नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिचे नावच 'मेघालया' ठेवले. बस्तवडे हे पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रातील, विंचवांचे नामांकित अभ्यासक. मौज अशी, की मेघालया ही श्रीलंकेतील पेटॅलसच्या कुळातली नव्हे. तिचे 'स्टायलोसेलिडी' हे कुळ थायलंड, मलेशिया, सुमात्रा, बोर्निओ असे पूर्वेकडे न्यू गिनीपर्यंत पसरलेले आहे. म्हणजे एका टोकाला श्रीलंकेत दक्षिण गोलार्धाचे सोयरे, दुसऱ्या टोकाला ईशान्येत आग्नेय आशियाचे.

अशा जिवांच्या कित्येक जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्या, प्रसंगी एखाद्याच रानापुरत्या मर्यादित असतात. श्रीलंकेच्या डोंगराळ भागातील अरण्ये एकोणिसाव्या शतकात प्रथम कॉफीसाठी तुटली. 1869 पासून तांबेरा रोगाने कॉफी बुडविली आणि तिच्या जागी चहा आला. चहाच्या मळ्यात छाया विरळ होते, पालापाचोळा सुकतो आणि त्यातील ओल निघून जाते. पक्षी दुसऱ्या रानात उडून जातो. पेटॅलसला शेजारच्या टेकडीवरही जाता येत नाही.