आंब्याच्या सावलीत जमिनीवर काय लावावं?

आजचा विषय श्रोत्यांनीच सुचवलेला आहे. परदेशी बागांची चित्रं पाहून काही जणांनी विचारलं, की तिकडे सावलीत जमीन झाकायला लावतात ते लंगवर्ट, ठिपकेदार पानांचं, नंदुरबारकडे लावता येईल का? सरळच सांगतो, नाही टिकणार. पण का टिकणार नाही ते समजलं, की काय लावायचं तेही समजतं.

लंगवर्ट युरोपातलं. त्याची ठिपक्यांची पानं फुप्फुसासारखी दिसतात, म्हणून ती छातीच्या विकारावर चालतील अशी जुनी समजूत. नावही त्यावरूनच आलं. तिथे हिवाळा सरताना माती ओली असते आणि मोठ्या झाडांना पालवी नसते. तेवढ्या उन्हात हे फुलून घेतं, मग पुढे गार ओलसर सावलीत राहतं.

सातपुड्यात गणित उलटं. साग उन्हाळ्यात उघडा असतो, ऊन खाली पोचतं, पण ओल नसते. पारा चाळिशी ओलांडतो. ओल आणि सावली दोन्ही येतात पावसाळ्यातच. म्हणून इथली जमिनीलगतची कितीतरी झाडं चार-पाच महिने पानांवर असतात आणि उरलेलं वर्ष मातीखाली झोपतात. सफेद मुसळी पाहा. पहिल्या पावसात उगवते, पावसाळा सरताना पिवळी पडून दिसेनाशी होते. (तिच्या शास्त्रीय नावात मुंबईचं बोरिवली आहे, बरं का!)

ही झोपच आपल्या कामाची आहे. धडगाव, म्हणजे अक्राणी तालुक्यात शेतात, घराजवळ जुने गावठी आंबे आहेत, आणि आमचूर हा तिथल्या घरांचा हक्काचा पैसा. आंब्याला मोहोर धरायच्या आधी, हिवाळ्याच्या तोंडाशी, पाण्याचा ताण लागतो. त्या वेळी खालच्या शोभेच्या झाडांना आपण रोज पाणी घातलं, तर आंबा मोहोराऐवजी पालवी काढू शकतो. म्हणजे हिरवळीसाठी कैरी घालवली! झोपणारी झाडं तेव्हा पाणी मागतच नाहीत.

म्हणून आमची पहिली पसंती आंबेहळद आणि भुईचाफा. भुईचाफ्याची पानं वरून नक्षीदार, खालून जांभळट. लंगवर्टची हौस इथे भागते. त्याची फुलं मात्र पानांआधी, उन्हाळ्यात थेट जमिनीतून येतात, आणि नेमकी तेव्हाच कैऱ्या पाडायला माणसं झाडाखाली असतात. तो एका कडेला लावा. आंबेहळद मधे चालते, तिचे कंद तेव्हा खाली निवांत असतात.

लावणी पावसाच्या तोंडावर. दोन कंदांत साधारण 30 सेंटिमीटर अंतर, खोली 5 सेंटिमीटर. कुदळ खोल घालू नका, आंब्याची बारीक मुळं वरच्या थरातच असतात. बुंध्याभोवती दोन-तीन फूट मोकळं ठेवा, तिथे मातीचा ढीग नको. खोडाजवळच्या गडद सावलीत फारसं काही येत नाही. पसारा बाहेरच्या, कवडसे पडणाऱ्या भागात करा.

आणि बाकीचे महिने? पाचोळा. आपण तो झाडून पेटवतो, पण उन्हाळ्यात ओल धरणारं खरं आच्छादन तेच आहे. चार बोटं जाड थर राहू द्या. आमचूर वाळवायची जागा तेवढी वेगळी, स्वच्छ ठेवा.

वर्षभर हिरवंच हवं असेल, तर हातपंपाच्या ओट्याभोवती, जिथे पाणी सांडतच असतं, तिथे मंडूकपर्णी लावा. पिवळ्या फुलांची वेडेलिया रोपवाटिकेत सहज मिळते, झपाट्याने पसरतेही. ती ओढ्याकाठी सुटली की आवरत नाही, म्हणून आम्ही ती सुचवत नाही. मुसळीचं बियाणं घ्याल तेव्हा लागवडीतलं आहे का ते विचारून घ्या. जंगलातून उपटून आणलेली मुसळी विकत घेऊ नका, तिथे ती आधीच विरळ झाली आहे.