गझल: नावडती ते लाडकी

गझलकार सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले, तिथल्याच विदर्भ महाविद्यालयात शिकले आणि १९६१ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘रूपगंधा’ आला. तेव्हा नवकवितेचा दबदबा होता. वृत्त, यमक, गेयता म्हणजे मागच्या पिढीची हौस. गाता येते ती कविता हलकी, असा अनेकांचा समज. माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ १९३३मध्येच येऊन गेली होती, तरी गझल परकीच राहिली. भटांचा दुसरा संग्रह, ‘रंग माझा वेगळा’, यायला १९७४ उजाडले.

मग वारे फिरले. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि ‘सिंहासन’ (१९७९), ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांमुळे भटांचे शब्द घराघरांत पोचले. कवी तोच होता, ऐकणाऱ्यांची आवड तेवढी बदलली. भट मात्र टाळ्यांवर विसंबले नाहीत. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, नवोदितांना टपालाने पाठवली, त्यांच्या रचना तपासून दिल्या. मला त्यांचे हे काम त्यांच्या गाण्यांइतकेच मोठे वाटते. मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी मराठी गझलगायनाला आयुष्य दिले. अकोल्यात श्रीकृष्ण राऊतांसारखे कवी निष्ठेने लिहीत राहिले.

आता गझलेला बरे दिवस आहेत. मुशायरे भरतात, मोबाइलवर शेर फिरतात. पण परीक्षा अजूनही चलतीचीच. शेराच्या दोन ओळींत एक अख्खा विचार उभा राहावा लागतो: पहिली ओळ उत्सुकता जागवते, दुसरी तिला अनपेक्षित पण अटळ वाटेल असे उत्तर देते. हे साधले नाही की काफिया, म्हणजे यमकच, शेर लिहू लागतो. ‘वारा’ आला की मागोमाग ‘तारा’, ‘किनारा’, ‘पसारा’ रांगेत उभे. मात्रा चुकत नाहीत, काफियानंतर पुन्हा पुन्हा येणारा रदीफ जागेवर असतो, सभागृह ‘वा वा’ म्हणते, आणि शेरात सांगण्यासारखे काही नसते.

साठच्या दशकात जुनाट म्हणून गझल वाचली गेली नाही. आज ती चालते म्हणून तिचा शेर कुणी तपासत नाही. दोन्ही वेळा अन्याय झाला तो कवितेवरच, आणि आजचा अन्याय मला जास्त बोचतो, कारण तो कौतुकाच्या नावाने होतो. अमरावती-अकोल्यात आज पहिली गझल लिहिणाऱ्या मुलाला दाद भरपूर मिळते. त्याची वही घेऊन बसणारा, ‘ही ओळ खोटी आहे, पुन्हा लिही’ असे मायेने सांगणारा जाणकार मात्र त्याला शोधावा लागतो.