चौलचा मोरो ऊर्फ कोरलई : एका वस्तीची ओळख

पेण तालुक्यांतील जोहें हें गांव गणेशमूर्तींच्या कारखान्यांकरितां सर्वांस माहीत आहे. हमरापूर, कळवें व जोहें या पट्ट्यांत वर्षाचे बाराहि महिने मूर्तींचे सांचे भरले जातात. मुलूख सपाट, खाडीच्या कांठचा, भातखाचरांचा व खारबंदिस्तीचा. डोळ्यांस आडवें येईल असें उंच कांहीं जवळपास नाहीं. अशा मुलुखांतून निघून वडखळ, पोयनाड, अलिबाग करीत चौल-रेवदंड्यास आलें, आणि तेथून कुंडलिकेच्या मुखापलीकडे नजर टाकली, म्हणजे समुद्रांत शिरलेली एक लांबट, अरुंद टेंकडी एकदम समोर उभी राहते. हीच कोरलई. रोह्यावरून आलेली कुंडलिका येथें समुद्रास मिळते. टेंकडीच्या पश्चिमेस खुला समुद्र, उत्तरेस खाडीचें मुख, पूर्वेस खाडीचें पाणी, आणि फक्त दक्षिणेची बाजू जमिनीस जोडलेली. त्या सांध्यावर, टेंकडीच्या पायथ्याशीं, कोरलई गांव वसलें आहे.

किल्ला पाहण्यास येणारे पुष्कळ आहेत. दीपस्तंभाकडून चढावयाचें, तटावरून समुद्र पाहावयाचा व उतरावयाचें, इतक्यांत त्यांचें काम होतें. आमच्या मतें येथें पाहण्याजोगा ऐवज दुहेरी आहे : एक टेंकडीवरचा, दगडाचा, दुसरा पायथ्याच्या वस्तींतला, बोलण्याचा. पहिल्यावर थोडेंबहुत लिहिलें गेलें आहे, परंतु त्यांत एक चूक सारखी नकलून घेतली जात असल्यामुळें प्रथम ती दूर करणें अवश्य आहे.

ती चूक अशी कीं, “कोरलईचा किल्ला पोर्तुगीजांनीं इ. स. १५२१ मध्यें निजामशहाच्या परवानगीनें बांधला, व पुढें बुऱ्हाण निजामशहानें तो मजबूत करण्यास माणसें पाठविलीं.” हें वाक्य थोड्याफार फरकानें अनेक ठिकाणीं आढळतें. यांत दोन स्थळें व दोन माणसें एकमेकांत मिसळलीं आहेत. १५२१ ची परवानगी खाडीच्या उत्तर कांठच्या, म्हणजे रेवदंड्याच्या, कोटासंबंधीं आहे. तो कोट १५२४ पर्यंत उभा राहिला. ती परवानगी देणारा बुऱ्हाण निजामशहा पहिला. तो १५५३ च्या सुमारास वारला. टेंकडीवर तट घालणारा बुऱ्हाण हा दुसरा, याची कारकीर्द १५९१ ते १५९५. दोघांमध्यें चाळीस वर्षांचें अंतर आहे. नांव एक असल्यानें कारकीर्दहि एक समजावी, हा प्रमाद आमच्या वंशावळ्यांतूनहि पदोपदीं होतो. तेव्हां येथें तो झाला यांत नवल नाहीं.

मधल्या काळांत टेंकडी मोकळी होती, व ती मोकळी असण्यासच महत्त्व होतें. रेवदंड्याचा कोट सखल जागीं आहे. समोरच्या उंचवट्यावर ज्याच्या तोफा, त्याच्या हातीं खाडीचें तोंड व अर्थात् चौलचा व्यापार. तो व्यापार केवढा प्राचीन होता याची साक्ष कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांपासून मिळूं लागते. अरब प्रवासी मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभीं या बंदरीं येऊन गेला, आणि रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकांत येथेंच उतरला. पोर्तुगीजांनीं १५५७ च्या सुमारास टेंकडी बांधून काढण्याची इच्छा दर्शविली तेव्हां अहमदनगरकरांनीं ती मान्य केली नाहीं; शेवटीं दोघांपैकीं कोणींहि तेथें किल्ला बांधूं नये असें ठरलें. हा समेट सुमारें पस्तीस वर्षें टिकला. मध्यंतरीं १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशहानें चौलास मोठा वेढा घातला, तो फसला. नंतर दुसऱ्या बुऱ्हाणानें समेट मोडून टेंकडीवर तट उभारला व तेथून रेवदंड्यावर मारा सुरू केला. पोर्तुगीजांनीं कुमक जमवून सप्टेंबर १५९४ मध्यें हल्ला केला व किल्ला घेतला. दरवाजांत जखमी हत्ती पडल्यामुळें आंतील लोकांस दार लावतां आलें नाहीं, असें पोर्तुगीज वृत्तांतांचें सांगणें आहे. दगडास तोंड असतें तर त्यासच विचारलें असतें. पण अरुंद वाट व चढण पाहतां गोष्ट अशक्य वाटत नाहीं.

तात्पर्य, किल्ल्याचा पाया निजामशाही व वरचें बांधकाम बव्हंशीं पोर्तुगीज. रचना समजण्यास सोपी आहे. कुलाबा गॅझेटियरांत (१८८३) लांबी २८२८ फूट व सरासरी रुंदी अवघी ८९ फूट दिली आहे. इतक्या चिंचोळ्या माथ्यावर प्रशस्त आवार निघणें शक्य नव्हतें. म्हणून माथ्याचे आडव्या भिंतींनीं तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणें लढवितां येईल अशी योजना केलेली दिसते. एकूण अकरा दरवाजांपैकीं सात आंतले व चारच बाहेरचे आहेत, याचें कारण हेंच. शत्रु एका दरवाजांतून आंत शिरला तरी त्यास पुढें आणखी भिंत व आणखी दार. उत्तरेच्या टोंकास तोफांची जागा पाण्याच्या अगदीं जवळ आणली आहे, ती खाडींत शिरणाऱ्या तारवांकरितां. माथ्यावर छप्पर गेलेलें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, पाण्याचें टांकें व महादेवाचें लहान देऊळ हीं जवळजवळच आहेत. सत्ता पालटली तरी पाण्याची जागा पालटत नाहीं, म्हणून नव्या मालकाचा देवहि जुन्याच्या शेजारीं येऊन बसतो.

मराठ्यांचा या जागेशीं संबंध दोनदां आला. १६८३ मध्यें संभाजी महाराजांच्या फौजेनें चौलास वेढा घातला त्या वेळीं हा किल्ला घेण्याचाहि यत्न झाला, पण तो सिद्धीस गेला नाहीं. पुढें वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं सुभानराव माणकर यांस कोरलईवर पाठविलें (१७३९), व १७४० च्या तहानें चौल व कोरलई हीं दोन्ही ठाणीं मराठ्यांच्या स्वाधीन झालीं. या तहांत इंग्रज मध्यस्थ होते. मराठ्यांनीं बुरुजांचीं नांवें बदललीं : सान दियेगो होता त्याचा पुसाटी बुरूज झाला, सान फ्रान्सिस्कू होता त्याचा गणेश बुरूज. १८१८ नंतर तो इंग्रजी अमलांत गेला.

येथें संग्राहकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : पोर्तुगीज कागदांत ‘कोरलई’ हें नांव शोधूं गेल्यास बहुधा हातीं कांहीं लागत नाहीं. त्यांच्या भाषेंत समुद्रकांठच्या उंचवट्यास मोर्रो म्हणतात; तेव्हां ‘चौलचा मोरो’ असें शोधावें, इंग्रजी कागदांतहि तोच शब्द उतरला आहे. दुसरी : १७४० सालीं मुंबईकर इंग्रज जुनी कालगणना पाळीत व पोर्तुगीज नवी, त्यामुळें एकाच प्रसंगाच्या तारखांत अकरा दिवसांचें अंतर पडतें. मराठी तिथीचा मेळ घालतांना हें ध्यानांत न घेतल्यास नसलेला विरोध दिसूं लागतो. पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांच्या सोळाव्या खंडांत व कै. य. न. केळकरांच्या ‘वसईची मोहीम’ (१९३७) या ग्रंथांत या मोहिमेची सामग्री आहे. गोव्याच्या बाजूची कै. पांडुरंग पिसुर्लेकरांनीं पुढें आणली.

आतां वस्तीकडे वळूं. किल्ला सुटला तेव्हां गोरे शिपाई, अंमलदार व सधन कुटुंबें निघून गेलीं. मागें राहिले ते किल्ल्याच्या व चौलच्या आश्रयानें राहणारे गरीब ख्रिस्ती : चाकर, शेतमजूर, हलकीं कामें करणारे. वसईस मुख्य ठाणें असलेला जो पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत, त्याच्या दक्षिण टोंकाचा हा तुटून राहिलेला तुकडा. त्यानंतर पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. पोर्तुगीज राजाचा अंमल संपला, पण त्या मोहल्ल्यांत घरोघर बोलली जाणारी भाषा राहिली. ते लोक तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. शेजारीं कोळी, आगरी, मुसलमान यांची वस्ती आहे, बाजार रेवदंड्याचा, शाळा मराठी. गल्लींतून चालतांना पहिल्या क्षणीं हेल ऐकून मराठीच चाललें आहे असा भास होतो. मग एकहि शब्द ओळखीचा लागत नाहीं, तेव्हां मनुष्य थबकतो. आमचें तसेंच झालें.

पोर्तुगीज शब्द आपणां सर्वांच्याच तोंडीं आहेत. पगार, चावी, पाव, लिलांव, बिजागरी हे उच्चारतांना कोणास परकें वाटत नाहीं. तेथें शब्द त्यांचा व व्याकरण आपलें. कोरलईंत तोच प्रकार अवघ्या भाषेस घडला आहे : शब्दांचा सांठा जवळजवळ सगळा पोर्तुगीज, पण वाक्याची मांडणी मराठी. क्रियापद मराठीप्रमाणें शेवटीं येतें. मालकी दाखविणारा ‘सु’ हा आपल्या ‘चा-ची-चें’ प्रमाणें मालकाच्या नांवामागून लागतो, मूळ पोर्तुगीजाप्रमाणें मालमत्तेच्या नांवामागून मालकाचें नांव येत नाहीं. आणि सर्वांत बोलका पुरावा क्रियापदांचा आहे. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गण या भाषेंत टिकले : ‘काता’ (गाणें), ‘बेबे’ (पिणें), ‘इर्गी’ (उठणें). यांस जोडून एक चौथा गण मागाहून निघाला, त्याचा अंत ‘उ’ असा होतो, आणि त्यांत मराठींतून घेतलेलीं क्रियापदें बसतात. उदाहरणार्थ ‘लोटु’, हें आपलें ‘लोटणें’. पाहुण्यांकरितां घरास निराळी ओसरी काढावी तशी ही तजवीज आहे. कोणी पंडितानें ती ठरविली नाहीं.

हस्तलिखितें पाहणाऱ्यास या गोष्टीचा अर्थ चटकन् कळेल. एका पोथीवर दोन हातांचें अक्षर असलें म्हणजे मूळ कोणतें व भर कोणती हें आपण शाईवरून, वळणावरून ठरवितों. येथें पहिले तीन गण म्हणजे मूळ हात व चौथा गण म्हणजे समासांतील भर. दोन्ही हात एकाच पानावर अजून स्पष्ट वाचतां येतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं या भाषेवर १९९६ मध्यें स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १९०६ मध्यें, गोव्याचे कोंकणी-पोर्तुगीज कोशकार सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनीं उत्तर प्रांताच्या पोर्तुगीज बोलीचें वर्णन केलें होतें. मराठींत मात्र, ज्या भाषेनें हें दुसरें अक्षर लिहिलें तिच्यांत, या विषयास वाहिलेलें लिखाण फारच थोडें आहे. ही उणीव आम्हांस लाजिरवाणी वाटते.

भाषा टिकली कशी, याचें कारण पुष्कळदां “एकांतवास” असें एका शब्दांत देतात. तें अर्धेंच खरें आहे. टेंकडी व खाडी यांनीं वस्ती अडविली, हें खरें. रेवदंड्याचा पूल होईपर्यंत पलीकडे जाण्यास तर लागे. पण त्याच खाडीच्या कांठीं इतरहि लोक राहात होते. येथील ख्रिस्ती लोक धर्मानें शेजाऱ्यांपासून निराळे, आणि ज्या जातींतून ते आले तिच्यामुळें इतर ख्रिस्त्यांपासूनहि दूर राहिले. लग्नसंबंध आपसांत झाले. पाण्यापेक्षां ही भिंत अधिक उंच होती. आतां ती खचूं लागली आहे व कोणाहि शहाण्या माणसास त्याचें दुःख होणार नाहीं. मुलें मराठी शाळेंत शिकतात, नोकरीस बाहेर जातात. बोलणारे हजाराच्या आंतबाहेर उरले आहेत. ज्यामुळें माणसांचें भलें होत आहे त्यामुळेंच भाषा क्षीण होत आहे. अशा स्थितींत तुम्ही पूर्वीसारखेच राहा असें सांगण्याचा अधिकार संशोधकास नाहीं. म्हाताऱ्यांचीं गाणीं, म्हणी, माशांचीं व भातशेतीचीं नांवें उतरून घेण्याचा अधिकार, त्यांची परवानगी असल्यास, अवश्य आहे.

हें काम नागरी अक्षरांत केलें तरी चालेल, किंबहुना तेंच बरें. कारण तेथील मुलांस तीच लिपि येते व उतरलेलें त्यांस वाचून दाखवितां येईल. उच्चार मात्र ध्वनिमुद्रित करून ठेवावे. किल्ल्यावर इतस्ततः असलेल्या पोर्तुगीज लेखांच्या शिळांचे ठसेहि त्याच फेरींत घ्यावे. खाऱ्या वाऱ्यानें अक्षरें झिजत आहेत.

ज्या वाचकांच्या संग्रहीं चौल, रेवदंडा, कोरलई वा रोहें येथील १७३९ पासून पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे मोडी कागद असतील, त्यांनीं त्यांत टेंकडीखालच्या ख्रिस्ती कुळांचा, त्यांच्या जमिनीचा, वेठीचा अथवा पाद्र्याच्या इनामाचा उल्लेख आहे कीं काय हें कृपा करून पाहावें, व असल्यास तिथीसह नक्कल पाठवावी. पोर्तुगीज निघून गेल्यावर त्या घरांस मराठी अमलांत कोणत्या अटींवर राहूं दिलें, हें अशाच एखाद्या कागदावरून कळण्याचा संभव आहे.