हातभर लांबीचे जहाज

रायपूर शहरातील बूढापारा ही जुनी वस्ती ज्या तलावाच्या काठी वसली आहे, त्या बूढातलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात. १८७७ साली बालवयातील नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आपल्या कुटुंबासह रायपूरला आले व सुमारे दोन वर्षे येथे राहिले. त्या वास्तव्याची स्मृती या नावात आहे. या तलावापासून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. पण त्यांतील बहुतेकांना समुद्र दिसतो तो प्रवासाला निघाल्यावरच. अशा ठिकाणी बसून कोणी जहाज बांधू लागला, तर शेजाऱ्यांना नवल वाटणे साहजिक आहे. परंतु हातभर लांबीचे जहाज बांधण्यास समुद्र लागत नाही. त्याला लागते एक टेबल, चांगला उजेड, थोडी हत्यारे आणि पुष्कळ सवड.

नौकांच्या प्रतिकृती जुळवणे हा जगातील एक प्रतिष्ठित छंद आहे. वरवर पाहता ते मुलांचे खेळणे वाटते. प्रत्यक्षात त्यातून जहाजबांधणीची विद्या कशी उलगडत जाते आणि आपल्या देशात या छंदाला वेगळेच महत्त्व का आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रतिकृती घडवण्याची प्रथा फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सुमारे ४००० वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी नावांचा एक ताफाच सापडला. वल्हेकऱ्यांसह घडवलेल्या या नावा मृताच्या परलोकप्रवासासाठी होत्या. गुजरातेतील लोथल येथील उत्खननात हडप्पाकालीन नौकांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदलासाठी जहाजांच्या सुबक लाकडी प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांच्या खालच्या भागावर फळ्या न ठोकता आतील बरगड्या मुद्दाम उघड्या ठेवीत. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच सैनिकांनी जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजे कोरून ती बाजारात विकली. धर्मश्रद्धा, राज्यकारभार आणि पोटापाण्याचा व्यवसाय या तिन्ही वाटांनी प्रतिकृती घडत आल्या आहेत. छंद ही वाट त्या मानाने अलीकडची.

या छंदाचा प्रसार खऱ्या अर्थाने झाला तो तयार संचांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यातून काढलेले प्लास्टिकचे भाग पेटीत घालून विकण्याची पद्धत रूढ झाली. जपानमधील शिझुओका शहराच्या टामिया, हासेगावा, आओशिमा व फुजिमी या उत्पादकांनी १९७१ साली एकत्र येऊन युद्धनौकांची एक मालिका सुरू केली. तिच्यात जहाजाचा पाण्यावर दिसणारा भागच दाखवलेला असे आणि प्रमाण १:७०० ठेवलेले असे. या प्रमाणात २१० मीटर लांबीची युद्धनौका ३० सेंटिमीटरची होते आणि पुरुषभर उंचीचा खलाशी जेमतेम अडीच मिलिमीटरचा.

लाकडी संचाची रीत निराळी आहे. पेटी उघडली की प्रथम हाती येतो तो जहाजाचा कणा. त्याच्या खाचांत आडव्या तुकड्यांच्या बरगड्या बसवतात. हा सांगाडा काटकोनात आहे की नाही, याची येथेच खात्री करून घ्यावी लागते. कारण सुरुवातीला राहिलेला केसभर वाकडेपणा पुढे सबंध जहाजाला पीळ देतो. मग बरगड्यांवर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकेक करून बसवतात. जहाज मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते असल्यामुळे सर्व पट्ट्या सारख्या रुंदीच्या ठेवून चालत नाही. टोकांकडे त्या तासून बारीक कराव्या लागतात. नाळेजवळचा बाक जुळावा म्हणून पट्टी पाण्यात भिजवून, उष्णता देऊन हळूहळू वाकवतात. त्यानंतर डेक, डोलकाठ्या व सर्वांत शेवटी दोरकाम.

हे दोरकाम म्हणजे सहनशीलतेची परीक्षाच. शिडाच्या जहाजावर दोन प्रकारचे दोर असतात. डोलकाठी ताठ धरून ठेवणारे दोर कायमचे बांधलेले असतात. ते डांबरवलेले असल्यामुळे काळपट दिसतात. शिडे चढवण्या-उतरवण्याचे दोर सतत हलते असतात व त्यांचा रंग फिका असतो. प्रतिकृतीतही हा भेद पाळतात. दोऱ्याचे तंतू सुटे दिसू नयेत म्हणून त्यावर मधमाश्यांचे मेण घासतात. खलाशांनी वर चढण्यासाठी केलेल्या दोरांच्या शिडीला एकेका पायरीवर गाठ मारताना संध्याकाळ कशी सरते ते कळत नाही. मात्र असा एक दोर चुकीच्या जागी बांधला की पुढचा दोर कोठे जावा हेच समजेनासे होते. जहाजावर शोभेचा दोर नसतो, हा धडा पुस्तकात वाचण्यापेक्षा अशा चुकीतून अधिक पक्का होतो.

आता ही प्रतिकृती तलावात सोडली तर काय होईल? अगदी प्रमाणशीर बांधलेली शिडाची नौका पहिल्याच झुळुकीला बहुधा आडवी होते. यात बांधणाऱ्याचा दोष नसतो. हा आकाराचा नियम आहे. समजा, प्रतिकृती मूळ जहाजाच्या पन्नासाव्या हिश्शाची आहे. तिच्या शिडाचे क्षेत्रफळ ५० गुणिले ५०, म्हणजे २५०० पटींनी कमी झाले. पण वजन ५० गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे १,२५,००० पटींनी घटले. पन्नास टनांच्या नौकेची प्रतिकृती अवघी ४०० ग्रॅमची. नौकेला आडवी करू पाहतो शिडावरचा वारा आणि तिला पुन्हा उभी करते तिचे वजन. शीड घटले त्यापेक्षा वजन कितीतरी अधिक घटले. वारा मात्र तोच राहिला. हिशेब केला तर बूढातलावावरचा ताशी १४ किलोमीटर वेगाचा सुखद वारा त्या इवल्या नौकेला ताशी १०० किलोमीटरच्या वादळासारखा जाणवतो. म्हणूनच पाण्यात चालवायच्या प्रतिकृतीच्या कण्याखाली शिशाचे वजन लावलेले एक जादा पाते बसवतात आणि दर्शनी मांडताना ते काढून ठेवतात.

मोठ्या जहाजांच्या बाबतीतही तोल हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. स्वीडनची वासा ही भव्य युद्धनौका १६२८ साली पहिल्याच सफरीत, स्टॉकहोम बंदरातच कलंडून बुडाली. तिचा वरचा भाग जड झाला होता आणि स्थैर्याचे गणित मांडण्याची विद्या त्या काळी विकसित झालेली नव्हती. लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाचे वर्तन सांगण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने घालून दिले. १८७० नंतर त्याने टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून त्यात प्रतिकृती ओढून पाहिल्या. लाटांचे वर्तन जुळावे यासाठी वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो, हे त्याने दाखवले; १:१०० प्रमाणाची प्रतिकृती मूळ जहाजाच्या एक दशांश वेगाने चालवावी लागते. आज कोणतेही महत्त्वाचे जहाज बांधण्यापूर्वी अशी चाचणी घेतात.

येथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील. परदेशी संचांच्या याद्यांत इंग्रजांची व्हिक्टरी असते, स्वीडनची वासा असते; मग आपली जहाजे कोठे आहेत? शिवाजी महाराजांनी उभारलेल्या आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी गाजवलेल्या आरमारातील गुराबा व गलबते आपल्याला नावाने ठाऊक आहेत. परंतु संच तयार करायचा तर नकाशा हवा, आणि आपले कारागीर नकाशावरून नव्हे, तर डोळ्यांच्या व हातांच्या अंदाजाने जहाज बांधीत. त्यामुळे पाश्चात्त्य जहाजांसारखे मोजमापांसहित आराखडे या नौकांच्या वाट्याला आले नाहीत.

अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने मात्र त्यांचे बरेच बारकाईने वर्णन केले आहे. त्यानुसार गुराब लांबीच्या मानाने फार रुंद असे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंतची. तिची नाळ पुढे लांबवर झेपावलेली असे. समोरच्या लाटांत ती जोराने आपटे, म्हणून नाळेवरच्या डेकला कठडे ठेवीत नसत. आलेले पाणी तसेच वाहून जाई. पुढच्या बाजूच्या दोन तोफा या नाळेवरून मारा करीत. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर. त्याला ४०-५० वल्ही असत. एवढ्या माहितीवर प्रतिकृती बांधायला बसले, की अज्ञान किती आहे ते उमगते. नाळ नेमक्या किती कोनात झेपावत होती? कण्याची लांबी किती? संचाची सूचनापुस्तिका म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच सोडवून ठेवलेले गणित असते. येथे मात्र ते आपणच सोडवावे लागते.

नकाशाचे मोल किती असते, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. ब्रिटिश नौदलाची ट्रिंकोमाली ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधली गेली व १८१७ साली पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन निघालेले जावा हे जहाज १८१२ साली अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले. तेव्हा आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली. कागद बुडाला तरी त्याची प्रत होती, म्हणून जहाज झाले. ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे. गुराबेचा कागद मुळात नव्हता. ती गेली तेव्हा तिच्याबरोबर तिची मापेही गेली.

असे असले तरी हा मार्ग पूर्णपणे बंद नाही, हे अलीकडेच सिद्ध झाले आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील एका चित्रात शिडाचे जहाज रंगवलेले आहे. त्या चित्राच्या आधारे गोव्यात एक जहाज बांधण्यात आले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली ही शिलाई झाली. चित्र सपाट, जहाज मात्र तीन मितींचे. म्हणून त्याच्या आकाराची चाचणी मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रतिकृतीद्वारे घेण्यात आली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. त्याची लांबी सुमारे १९.६ मीटर व रुंदी ६.५ मीटर आहे. १:५० प्रमाणात ते ३९ सेंटिमीटर लांब व १३ सेंटिमीटर रुंद होईल. हातभर लांबीचे जहाज ते हेच.

ज्यास या छंदाचा आरंभ करावयाचा असेल, त्याने प्रथम एखादा साधा, एका डोलकाठीचा संच घ्यावा. प्लास्टिक जोडण्याच्या द्रावणाचा वास उग्र असतो. खिडकी उघडी ठेवूनच ते वापरावे. पाते नेहमी धारदार असावे; बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि ते निसटून हाताला लागते. संचाविना काम करायचे तर छत्तीसगडात लाकडाची वाण नाही. सागाचे रेषे लहान प्रतिकृतीत जाडेभरडे दिसतात. त्यापेक्षा बारीक पोताचे हळदू किंवा कोरण्यास मऊ असे शिवण बरे. लाकूड कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून पट्ट्या बसवण्यापूर्वी काही दिवस घरात मोकळ्या ठेवाव्या. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेच्या शिक्षणक्रमात व स्पर्धांत नौका-प्रतिकृतींचा समावेश आहे आणि या शाखेचे पथक रायपुरातही आहे; तेव्हा हा छंद येथे अगदीच परका नाही.

दोन-तीन संच झाल्यावर मात्र पेटी बाजूला ठेवावी आणि मोजपट्टी घेऊन राजीमला जावे. महानदी, पैरी व सोंढूर यांच्या त्या संगमावर आणि महानदीच्या इतर घाटांवर केवटांचे लाकडी डोंगे पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. पूल झाले आणि त्यांचे काम कमी होत गेले. असा एखादा जुना डोंगा आढळला तर मालकाच्या परवानगीने त्याची लांबी, रुंदी, खोली, फळ्यांची जाडी व जोड वहीत उतरवून घ्यावे. तो बांधणारे हात भेटले तर त्यांना ‘असे का?’ म्हणून विचारावे. मग त्या मापांवरून घरी प्रतिकृती बांधावी आणि वहीही तिच्यासोबतच जपून ठेवावी. गुराबेच्या वेळी ही वही कोणी लिहिली नाही. डोंग्याच्या बाबतीत ती लिहायला अजून अवधी आहे, आणि त्यासाठी समुद्रकाठी जन्म घ्यावा लागत नाही.