इंजिनाची टणटण : कारणे व उपाय

शरीरात बिघाड झाला की त्याची पहिली वार्ता बहुधा एखाद्या लहानशा लक्षणावरून कळते. यंत्राचेही तसेच आहे. बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटाच्या चढणीवर दोघांचे ओझे घेऊन एखादी मोटारसायकल निघाली म्हणजे तिच्या इंजिनातून कधी कधी पत्र्याच्या डब्यात खडे हलवावे तसा बारीक, कठीण आवाज येऊ लागतो. चढण संपली की आवाजही थांबतो आणि स्वार तो विसरून जातो. गॅरेजातील मिस्त्री या प्रकारास ‘नॉकिंग’ म्हणतात. आम्ही येथे त्यास टणटण म्हणू. ही टणटण का उत्पन्न होते आणि ती ऐकू आली असता काय करावे, हे आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या घरच्या मंडळींस समजावून द्यावे, असा या लेखाचा हेतू आहे.

पेट्रोलच्या इंजिनात स्फोट होतो, असे आपण सहज बोलून जातो; परंतु निरोगी इंजिनात स्फोट होत नाही, ज्वलन होते. पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण सिलिंडरात येते, पिस्टन वर सरकून ते दाबतो आणि प्लगमधून ठिणगी पडते. ठिणगीपाशी ज्योत उत्पन्न होते व ती सिलिंडरभर पसरत जाते. उसाच्या फडातील पाचट एका बांधाला पेटविले म्हणजे आग जशी क्रमाक्रमाने दुसऱ्या बांधाकडे जाते, तसाच हा प्रकार होय. फरक इतकाच की हे सारे डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडते. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टनला खालून वर येण्यास सेकंदाचा केवळ शंभरावा भाग लागतो. ज्योत पसरण्यासही थोडा अवधी हवा, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पाडावी लागते. ठिणगीच्या या वेळेलाच मिस्त्री ‘टायमिंग’ म्हणतात.

आता फडाच्या पलीकडच्या कोपऱ्यातील पाचट आधीच इतके तापले आहे की आग तेथवर येण्यापूर्वीच ते एकदम आपोआप पेटले, अशी कल्पना करा. सिलिंडरात नेमके हेच घडते. पसरत्या ज्योतीमुळे उरलेले मिश्रण अधिक दाबले जाते, तापते आणि ज्योतीची वाट न पाहता एका क्षणात पेट घेते. त्यातून दाबाच्या लाटा निघतात व सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. त्या धातूचे कंपन म्हणजेच आपल्या कानी पडणारी टणटण.

ही केवळ कानाला होणारी पीडा असती तर गोष्ट निराळी. परंतु ज्वलनाच्या वेळी आतील वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनिअमचा असतो ते सुमारे ६६० अंशांवर वितळते. पिस्टन एरवी टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागाला चिकटलेला वायूचा पातळ थर त्याचे रक्षण करतो व इंजिनाची हवा आणि तेल उष्णता वाहून नेतात. दाबाच्या लाटा तो थर उधळून लावतात. क्वचित येणाऱ्या सौम्य टणटणीने फारसे बिघडत नाही. पण जोराची टणटण दीर्घ काळ चालू दिली, तर पिस्टनची कड झिजते आणि प्रसंगी त्याला भोकही पडते. भरधाव गाडीचे इंजिन असे अडकले तर मागचे चाक जागच्या जागी थांबते, आणि मग प्रश्न यंत्राचा राहत नाही, स्वाराच्या जिवाचा होतो.

म्हणून प्रथम आवाज ओळखावा. व्हॉल्व्हच्या टॅपेटची खटखट गाडी उभी असतानाही ऐकू येते. टणटण मात्र इंजिनावर भार पडला असतानाच येते आणि थ्रॉटल कमी करताच थांबते. ती ऐकू येताच थ्रॉटल ढिली करावी व खालचा गियर टाकावा. वरच्या गियरात मंद गतीने चढण चढविण्याचा हट्ट हे टणटणीचे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि त्याचा उपाय सर्वस्वी स्वाराच्या हाती आहे.

एवढ्यानेही आवाज गेला नाही, तर कारणे क्रमाने तपासावी. ठिणगी फार लवकर पडत असेल, तर टायमिंग दुरुस्त करावे. जुन्या गाड्यांत पॉइंटमधील अंतर बदलले की टायमिंगही हलते. सिलिंडरच्या माथ्यावर कार्बनचे किटण साचले असेल, तर आतील जागा कमी होऊन दाब वाढतो व किटण स्वतःच निखाऱ्यासारखे तापते. ते खरवडून काढावे. कार्ब्युरेटरचा जेट तुंबला असेल किंवा जोडातून बाहेरची हवा शिरत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते व उष्णता वाढते. सिलिंडरच्या पंखांवर चिखल वाळून बसला असेल, तर तो धुवावा. प्लग कंपनीने सांगितलेल्या जातीचाच घालावा.

इंधनाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. आपोआप पेट घेण्यास पेट्रोल किती विरोध करते, हे ‘ऑक्टेन अंक’ सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० व नॉर्मल हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी १९२० नंतरच्या दशकात तयार झाली. भेसळीचे रॉकेल हा अंक खाली आणते, म्हणून पेट्रोल खात्रीच्या पंपावरच भरावे. मात्र अंक जितका मोठा तितकी गाडी जोरदार, ही समजूत चुकीची आहे. इंजिनाला जितका अंक लागतो त्याहून महाग पेट्रोल घातल्याने साध्या इंजिनाची शक्ती वाढत नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. टायमिंग बरेच मागे घेतले की टणटण तात्काळ बंद होते; गिऱ्हाईक संतुष्ट होते. परंतु ठिणगी उशिरा पडल्याने शक्ती घटते, पेट्रोल अधिक जळते आणि सायलेन्सरकडील बाजू तापते. आवाज गेला, दोष मात्र दुसऱ्या वेषाने घरातच राहिला.

याच चुकीची फार मोठी किंमत जगाने एकदा मोजली आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेतील डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना असे आढळले की पेट्रोलात शिशाचे एक संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले की टणटण थांबते. मद्यार्कानेही ती थांबते, हे त्यांना ठाऊक होते; तरी शिशाचाच मार्ग पत्करण्यात आला. १९२३ मध्ये हे पेट्रोल विक्रीस आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात त्या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही विक्री पुढे अनेक दशके चालली. धुरातून पसरणारे शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक असते. भारतात २००० साली सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले, आणि रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया याने २०२१ मध्ये ते बंद केले. एक आवाज बंद करण्याच्या या उपायाने सुमारे शंभर वर्षे जगाची हवा दूषित केली.

ज्या मद्यार्काकडे तेव्हा पाठ फिरविली, तोच इथेनॉल या नावाने आज आपल्या पेट्रोलात आला आहे. २०२५ मध्ये भारतात त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. त्याचा बराच भाग उसापासून होतो, आणि आमचा बेळगाव जिल्हा तर उसाचाच. इथेनॉलने ऑक्टेन अंक वाढतो. पण हाही उपाय डोळे मिटून घेण्याजोगा नाही. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण थोडे विरळ होते, आणि तिचे जुने रबरी भाग खराब होऊ शकतात. अशी गाडी घरी असेल, तर ती एकदा जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, मिस्त्रीकडे गेलात म्हणजे ‘आवाज बंद करा’ एवढेच सांगू नका. ‘आवाज कशामुळे येतो?’ असे विचारा. आणि जो उपाय तो सांगेल, त्याने आणखी काय काय होईल, हेही विचारावयास विसरू नका.