तुमचाही ब्राउझर रडतोय का?

ब्राउझरवर डबल क्लिक करायचं, खाली टपरीवर जाऊन एक कटिंग मारायचा आणि परत येईपर्यंत पहिलं पान उघडलेलं असलं तर स्वतःला नशीबवान समजायचं. तुमच्या रूमवर असं होतं का? आमच्या रूमवर रोज व्हायचं. त्यावर आम्ही काय केलं, तेच या लेखात सांगतोय. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या!)

माझ्या रूममेटचा लॅपटॉप त्याच्या चुलत भावाने वापरून दिलेला आहे. 4 जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क. घर निफाड तालुक्यात, थोडी द्राक्षबाग, थोडा कांदा. यंदा कांद्याने काही हात दिला नाही. सबमिशनच्या आठवड्यात ब्राउझर एका रात्रीत तीनदा हँग झाला, तेव्हा तो म्हणाला, "बास झालं, पप्पांना नवीन लॅपटॉपचं सांगतो." पण सांगताना त्याचाच चेहरा पडला होता. मी पडलो मेकॅनिकलवाला. म्हटलं, इंजिन बदलायच्या आधी एअर फिल्टर तरी साफ करून बघू.

मामाचे तीन मंत्र

पहिला फोन मामाला. मामा 2006 साली इंजिनिअर झाला. तो म्हणाला, "सोप्पंय रे! फायरफॉक्स टाक, अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, कॉन्फिग असं सलग टाइप कर, पाइपलाइनिंग ट्रू कर. रॉकेट होतं रॉकेट!" त्या काळी हॉस्टेलवर हे मंत्र तोंडपाठ असायचे म्हणे. आम्ही शोधलं तर ती सेटिंगच सापडेना! मग जरा खोदून पाहिलं, आणि मजेशीर गोष्टी कळल्या.

मंत्र पहिला, पाइपलाइनिंग. एका वेब पेजमध्ये चित्रं, स्क्रिप्ट, फाँट अशा पुष्कळ फाइली असतात. एकीचं उत्तर यायची वाट न बघता पुढच्या फाइलींची मागणीही पाठवून द्यायची, ही पाइपलाइनिंगची आयडिया. पण उत्तरं मात्र मागितलेल्या क्रमानेच यायला हवीत, ही अट. रविवारी मिसळ खायला गेलोय आणि वेटर म्हणतोय, "पहिल्या टेबलची ऑर्डर दिल्याशिवाय दुसऱ्याला प्लेट मिळणार नाही." पहिल्याने जास्त वेळ लागणारं काही मागितलं, की मागचे सगळे उपाशी! शिवाय बऱ्याच सर्व्हरना हा प्रकार नीट झेपत नसे. पुढे 2015 मध्ये एचटीटीपी-2 हे स्टँडर्ड आलं. त्यात एकाच कनेक्शनवरून अनेक उत्तरं तुकड्या-तुकड्याने, कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. मग जुन्या पाइपलाइनिंगची गरजच उरली नाही आणि 2017 मध्ये फायरफॉक्सने ती काढून टाकली.

मंत्र दुसरा, 'पेंट डिले शून्य करा'. पेज दाखवायला सुरुवात करण्याआधी ब्राउझर थोडा थांबायचा, तेव्हा 250 मिलिसेकंद. ते शून्य केलं की अक्षरं लवकर दिसतात खरी, पण उरलेलं सामान आलं की सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. म्हणजे सुरुवात लवकर, पण पूर्ण पेज उशिरा! आता हा आकडा मुळातच खूप लहान ठेवलेला असतो.

मंत्र तिसरा सगळ्यात भारी. विंडो मिनिमाइझ केली की ब्राउझरची मेमरी रिकामी करायची. टास्क मॅनेजरमध्ये आकडा झपकन खाली यायचा आणि पोरं खूश! प्रत्यक्षात विंडोज तो डेटा रॅममधून हलवायचं, आणि विंडो परत उघडली की तो हार्डडिस्कवरून पुन्हा ओढून आणायचं. म्हणजे अजून स्लो.

मामाला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "पण तेव्हा फास्ट वाटायचं यार!" अडचण नेमकी तीच आहे. फास्ट वाटणं वेगळं आणि फास्ट असणं वेगळं. मोजल्याशिवाय दोन्हीतला फरक कळत नाही.

आधी मोजा

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, प्रोसेसेस टाइप करा. कोणता टॅब आणि कोणतं एक्स्टेन्शन किती रॅम खातंय, ते लगेच दिसतं. आमच्या पेशंटचं निदान असं निघालं: 43 टॅब, 11 एक्स्टेन्शन. त्यातली सात त्याला कधी टाकली तेही आठवत नव्हतं. एक कूपन शोधणारं एक्स्टेन्शन तर काही न करताही प्रोसेसर चालू ठेवत होतं. आता उपाय बघू.

1. एक्स्टेन्शन कमी करा. महिनाभरात वापरलं नाही ते काढा. यात स्पीडपेक्षा मोठा मुद्दा आहे. बऱ्याच एक्स्टेन्शनना 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी आपण न वाचताच देऊन टाकतो. बँकेची साइट पण त्यात आली, हे लक्षात ठेवा.

2. टॅब म्हणजे बुकमार्क नव्हे. 'नंतर वाचीन' म्हणून उघडे ठेवलेले टॅब म्हणजे दारात उभी केलेली चालू गाडी. पेट्रोल जळतंच! क्रोममध्ये सेटिंग्जच्या परफॉर्मन्स विभागात मेमरी सेव्हर आहे, तो चालू करा. न वापरलेले टॅब तो झोपवतो. पण अर्धवट भरलेल्या परीक्षा फॉर्मची साइट 'कायम चालू ठेवा' यादीत टाका, नाहीतर पेज परत लोड होऊन भरलेलं सगळं जायचं.

3. जाहिराती अडवा. यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन जाहिराती नुसत्या लपवत नाही, त्या मागवतच नाही. म्हणून डेटाही वाचतो आणि प्रोसेसरही. नवीन नियमांमुळे क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच चालते. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती चालते. मात्र जे वर्तमानपत्र आपण रोज फुकट वाचतो, त्याचं पोट जाहिरातीवर असतं. तिथे तेवढी सूट द्यावी, असं मला वाटतं.

4. रोज कॅश साफ करू नका! हा आपल्याकडचा सगळ्यात आवडता चुकीचा उपाय. कॅश म्हणजे आधी आणलेल्या फाइलींचा साठा. तो रोज फेकला तर रोज तेच सामान परत आणावं लागणार. मेसवाले काका रोज रात्री उरलेला गहू फेकून देतात का? साइट चुकीची दिसत असेल तरच कॅश साफ करा.

5. व्हिडिओचं रिझोल्यूशन. स्क्रीन 768 ओळींची आणि एनपीटीईएलचं लेक्चर 1080 वर! जादाच्या ओळी दिसणार कुठे? 480 वर ठेवा. फळ्यावरची अक्षरं वाचता येत नसतील तेवढ्यापुरतं 720 करा.

6. शेवटचा उपाय. फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, सपोर्ट या पानावर 'रिफ्रेश' बटण आहे. एक्स्टेन्शन आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात, बुकमार्क आणि पासवर्ड राहतात.

आणि आपल्या मराठीचं काय?

मामाच्या वेळी बरीच मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आपापले वेगळे फाँट वापरायची. तो फाँट नसला की पानावर नुसती चित्रविचित्र चिन्हं. फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचं एक्स्टेन्शन होतं, ते अशा काही भारतीय फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. म्हणजे तेव्हा ब्राउझर आपल्या सोयीचा करणं हा शौक नव्हता. वाचता येण्यासाठी ते करावं लागायचं. आज युनिकोडमुळे तो त्रास गेला. तरी मराठी अक्षरं बारीक दिसत असतील तर फायरफॉक्सच्या फाँट सेटिंगमध्ये देवनागरी निवडून तिचा फाँट आणि किमान आकार वेगळा ठरवता येतो. मेनूसकट अख्खा फायरफॉक्स मराठीत पण मिळतो.

एक गंमत सांगतो. फायरफॉक्स जन्मालाच आला तो ओझं कमी करण्यासाठी. मोझिलाचा जुना ब्राउझर ईमेल आणि इतर सगळ्या लवाजम्यामुळे जड झाला होता. म्हणून 2002 मध्ये डेव्ह हयात आणि ब्लेक रॉस यांनी त्याची नुसती ब्राउझरपुरती हलकी आवृत्ती सुरू केली. 9 नोव्हेंबर 2004 ला फायरफॉक्स 1.0 आला, तेव्हा रॉस 19 वर्षांचा होता. म्हणजे आपल्याच वयाचा! त्याने काही जोडून नाही, काढून टाकून नाव कमावलं.

जे होणार नाही ते

रिझल्टच्या दिवशी साइट उघडत नसेल तर ब्राउझरला शिव्या देऊ नका. दुसरी एखादी साइट पटकन उघडते का बघा. उघडली तर अडचण समोरच्या सर्व्हरची आहे. अशा वेळी सगळ्या हॉस्टेलने एकदम रिफ्रेश बडवणं म्हणजे द्वारका चौकात ट्रॅफिक जॅम असताना सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवणं!

रूममेटच्या लॅपटॉपचं म्हणाल, तर त्यावर थ्री-डी मॉडेलिंग आजही होत नाही, त्यासाठी लॅबलाच जावं लागतं. पण लेक्चर, नोट्स, फॉर्म, मेल सगळं व्यवस्थित चालतंय. 43 टॅबचे नऊ झाले, 11 एक्स्टेन्शनची दोन. परवा त्याने घरी फोन केला. पाणी आलं का, फवारणी झाली का, सगळं विचारून झालं. लॅपटॉपचा विषय त्याने काढलाच नाही.

चला तर मग, आज रात्री जेवण झाल्यावर शिफ्ट-एस्केप दाबा आणि आपल्या ब्राउझरच्या डोक्यावर काय काय बसलंय ते बघा. अडलं तर आमच्या रूमवर या. फक्त येताना कटिंग घेऊन या!