परदेशातील कार्ड-व्यवहार आणि चलन-रूपांतराचा छुपा बट्टा : एक विवेचन

प्रस्तावना

ठाणे शहरातील खोपट, पाचपाखाडी, चरई हा परिसर मुख्यतः नोकरदार मध्यमवर्गाच्या वस्तीचा म्हणून ओळखला जातो. राज्य परिवहन महामंडळाच्या आगारामुळे ‘खोपट’ हे नाव पूर्वीपासून प्रवासाशी जोडले गेले आहे. तो प्रवास मात्र प्रामुख्याने गावाकडचा होता. गेल्या दोन-तीन दशकांत अशा वस्त्यांतील कुटुंबांच्या प्रवासाची दिशा विस्तारली. आखाती देशांत नोकरीस असलेला मुलगा, अमेरिकेत किंवा जर्मनीत शिकणारी मुलगी, सिंगापूर-दुबईची सहल, परदेशातील परिषदेत निबंधवाचन करणारे प्राध्यापक ही उदाहरणे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. या प्रवासात रोख परकीय चलनाची जागा क्रेडिट, डेबिट व प्रीपेड कार्डांनी मोठ्या प्रमाणात घेतली आहे.

कार्डामुळे व्यवहार सुलभ झाला असला, तरी एका चलनाचे दुसऱ्या चलनात रूपांतर होताना नेमके किती पैसे कापले जातात, हे सामान्य कार्डधारकास बहुधा ठाऊक नसते. विशेषतः परदेशातील दुकानात ‘रुपयांत देणार की स्थानिक चलनात?’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा स्वाभाविकपणे ‘रुपयांत’ असे उत्तर दिले जाते आणि तेथेच नुकसान होते. या प्रश्नामागील यंत्रणा, तिचा खर्च आणि तो टाळण्याचे मार्ग यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बट्ट्याची पूर्वपीठिका

चलन बदलून देण्याबद्दल मोबदला घेण्याची प्रथा महाराष्ट्रास नवी नाही. अठराव्या शतकात अंकुशी, चांदवडी, सुरती असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच वेळी व्यवहारात होते. त्यांतील चांदीचा कस व झीज पाहून सराफ त्यांचे परस्पर मूल्य ठरवीत आणि फरकापोटी ‘बट्टा’ कापून घेत. दूरगावी रक्कम पाठवण्यासाठी हुंडी काढली जाई व तिच्यावर ‘हुंडणावळ’ द्यावी लागे. ठाणे हे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्या, त्यानंतर मराठ्यांच्या आणि १७७४ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. अशा बंदराच्या गावी सराफाच्या पेढीचे महत्त्व सहज लक्षात येण्यासारखे आहे. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकसारखा रुपया प्रमाण ठरला आणि अंतर्गत व्यवहारांतील बट्ट्याचे महत्त्व हळूहळू ओसरले. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार तेवढा भाषेत उरला.

बट्टा घेणे मुळात अन्याय्य नव्हते, कारण सराफ नाण्याचा कस तपासण्याचे काम करी आणि जोखीमही पत्करी. अन्याय होई तो बट्ट्याचा दर गिऱ्हाइकापासून लपवला जाई तेव्हा. आजच्या कार्ड-व्यवहारांचे परीक्षण करतानाही हीच कसोटी उपयोगी पडते.

रूपांतराचे दोन मार्ग

कार्डधारक परदेशात कार्ड वापरतो तेव्हा त्या व्यवहारात चार पक्ष सहभागी असतात : कार्डधारकास कार्ड देणारी भारतीय बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखे कार्ड-जाळे, दुकानदाराची बँक आणि स्वतः दुकानदार. रकमेचे रुपयांत रूपांतर यांपैकी कोण करतो, यावर खर्च अवलंबून असतो.

पहिल्या मार्गात बिल स्थानिक चलनातच, म्हणजे दिरहम, युरो वा डॉलरमध्ये आकारले जाते. त्याचे रूपांतर कार्ड-जाळ्याच्या दराने होते. हा दर घाऊक विनिमय दराच्या बराच जवळ असतो आणि संबंधित जाळ्याच्या संकेतस्थळावर दररोज पाहता येतो. त्यावर कार्ड देणारी बँक आपला अधिभार लावते. भारतात तो सामान्यतः दीड ते साडेतीन टक्क्यांच्या दरम्यान असतो, काही कार्डांवर तो मुळीच नसतो. अधिभाराच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजेच साडेतीन टक्के अधिभाराचा प्रत्यक्ष बोजा ४.१३ टक्के होतो.

दुसऱ्या मार्गास ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्शन’ असे नाव आहे. मराठीत त्यास ‘तत्क्षण चलन-रूपांतर’ म्हणता येईल. दुकानातील यंत्र कार्डाच्या क्रमांकावरून ते भारतीय असल्याचे ओळखते आणि बिलाची रक्कम तेथल्या तेथे रुपयांत दाखवते. या पद्धतीत रूपांतर दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली सेवा-संस्था करते व दरही तीच ठरवते. त्या दरातच तिचा अधिभार मिसळलेला असतो आणि त्यातील काही वाटा दुकानदारास मिळतो. ‘रुपयांत द्या, सोयीचे पडेल’ या आग्रहामागील आर्थिक कारण येथे सापडते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमध्ये सुरू झालेली ही पद्धत पुढे पर्यटनाच्या बहुतेक केंद्रांत पसरली.

‘रुपयांत पैसे दिले म्हणजे भारतीय बँकेचा अधिभार वाचला’ असा समज बराच रूढ आहे. तो बहुतेक वेळा खरा ठरत नाही. दुकानदार परदेशस्थ असल्याने व्यवहार आंतरराष्ट्रीयच राहतो. त्यामुळे अनेक भारतीय बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही स्वतंत्र शुल्क आकारतात. अशा वेळी कार्डधारकावर दोनदा बोजा पडतो : एकदा दुकानातील दरात आणि दुसऱ्यांदा बँकेच्या विवरणपत्रात.

एक गणिती उदाहरण

समजा, खोपट येथील एका कुटुंबाचे दुबईतील हॉटेलचे बिल १,००० दिरहम झाले आणि त्या दिवशी कार्ड-जाळ्याचा दर एका दिरहमास २३ रुपये आहे. मूळ रक्कम २३,००० रुपये होते.

(अ) बिल दिरहममध्ये दिल्यास : बँकेचा साडेतीन टक्के अधिभार ८०५ रुपये, त्यावरील कर १४४.९० रुपये, एकूण २३,९४९.९० रुपये.

(आ) बिल रुपयांत दिल्यास : दुकानातील दरात सहा टक्के अधिभार मिसळला आहे असे मानल्यास रक्कम २४,३८० रुपये होते. बँकेने अशा व्यवहारावर एक टक्का शुल्क घेतल्यास २४३.८० रुपये व त्यावरील कर ४३.८८ रुपये, एकूण २४,६६७.६८ रुपये.

(इ) बँकेने रुपयांतील व्यवहारावरही पूर्ण साडेतीन टक्के आकारल्यास : ८५३.३० रुपये व कर १५३.५९ रुपये, एकूण २५,३८६.८९ रुपये.

(अ) व (आ) यांतील फरक सुमारे ७१८ रुपयांचा, तर (अ) व (इ) यांतील फरक सुमारे १,४३७ रुपयांचा आहे. एका बिलापुरती ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु आठ दिवसांच्या प्रवासातील हॉटेल, भोजन, खरेदी व एटीएम यांचा एकत्र विचार केल्यास ती हजारोंच्या घरात जाते. वर्षभर परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर ती घरच्या अंदाजपत्रकालाच धक्का देऊ शकते.

उलट शक्यताही नमूद करणे आवश्यक आहे. बँकेचा अधिभार करासह ४.१३ टक्के असेल, दुकानातील अधिभार मात्र तीनच टक्के असेल आणि बँक रुपयांतील व्यवहारावर काहीही आकारत नसेल, तर रुपयांत देणे स्वस्त पडेल. मात्र या तिन्ही अटी एकत्र क्वचितच पूर्ण होतात. म्हणून ‘स्थानिक चलनच निवडावे’ हा नियम सर्वसाधारणपणे योग्य ठरतो.

एटीएम, संकेतस्थळे आणि प्रीपेड कार्ड

परदेशातील एटीएमवर हाच प्रश्न अधिक फसव्या स्वरूपात समोर येतो. पडद्यावर ‘रूपांतर स्वीकारा’ व ‘रूपांतर नाकारा’ असे पर्याय दिसतात. नाकारल्यास पैसेच मिळणार नाहीत, अशा समजुतीने पहिला पर्याय निवडला जातो. वस्तुतः केवळ रूपांतर नाकारले जाते, व्यवहार पूर्ण होतो. एटीएम चालवणाऱ्याचे शुल्क आणि आपल्या बँकेचे शुल्क या बाबी वेगळ्या असून त्या दोन्ही पर्यायांत लागू होऊ शकतात. क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढल्यास पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते, त्यामुळे तो मार्ग शक्यतो टाळावा.

घरबसल्या केलेला व्यवहारही यातून सुटत नाही. परिषदेचे नोंदणीशुल्क, नियतकालिकाची वर्गणी, विमान वा हॉटेलचे आरक्षण यांसाठी परदेशी संकेतस्थळावर रुपयांतील किंमत दिसते, तेव्हा ते रूपांतर त्या संस्थेच्या दराने झालेले असू शकते. त्याशिवाय दुकानदार परदेशस्थ असल्यास बँकेचे शुल्कही लागू शकते. प्राध्यापकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण मंजूर अनुदान ठरावीक असते आणि वरचा फरक बहुधा पदरचा भरावा लागतो. प्रतिपूर्तीसाठी मूळ चलनातील पावती व बँकेचे विवरणपत्र दोन्ही जपून ठेवल्यास हिशेब तपासनिसांच्या शंकांचेही निरसन होते.

परकीय चलन भरलेल्या प्रीपेड कार्डाच्या बाबतीत रुपयांचा पर्याय निवडणे सर्वांत घातक ठरते. कार्डावर डॉलर आहेत, बिलही डॉलरचे आहे. तरीही ‘रुपये’ निवडल्यास डॉलरचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा डॉलर असा उलटसुलट फेरा होतो व प्रत्येक वळणावर बट्टा कापला जातो. कार्डावर नसलेल्या चलनात खर्च केल्यासही आंतर-चलन शुल्क लागते. म्हणून ज्या देशात जावयाचे, त्याच देशाचे चलन कार्डात भरणे इष्ट.

नियमनाचे प्रयत्न

या क्षेत्रातील वाद जुना आहे. अमेरिकेत व्हिसा, मास्टरकार्ड व काही बड्या बँकांवर परकीय व्यवहारांचे शुल्क ग्राहकांपासून लपवल्याचा आरोप झाला आणि २००६ मध्ये ३३.६ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. ऑस्ट्रेलियातील प्रकरण याच्या नेमके उलट आहे. २०१० मध्ये तत्क्षण चलन-रूपांतराच्या विस्तारास अटकाव केल्याबद्दल तेथील न्यायालयाने २०१५ मध्ये व्हिसास १.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. रूपांतराच्या सेवेत स्पर्धा असावी, ही त्यामागील भूमिका होती. या दोन्ही प्रकरणांचा एकत्रित अर्थ असा की दुसरा पर्याय असणे गैर नाही, त्याची किंमत झाकणे गैर आहे.

युरोपीय संघाने २०१९ च्या नियमाद्वारे हाच विचार पुढे नेला. एप्रिल २०२० पासून तेथे चलन-रूपांतराचा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरावर किती टक्के आहे, हे ग्राहकास व्यवहारापूर्वी दाखवणे बंधनकारक झाले. मात्र हा नियम मुख्यतः संघातील चलनांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला असल्याने रुपयाच्या कार्डधारकाने त्यावर विसंबून राहणे योग्य नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये परदेशातील वापराची सुविधा ग्राहकाने मागितल्यावरच सुरू करण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२२ च्या निर्देशांत, कार्ड देताना स्पष्टपणे न कळवलेले शुल्क ग्राहकाच्या संमतीवाचून लावता येणार नाही, असे तत्त्व घालून दिले. बँकेच्या अधिभाराबाबत या तरतुदी उपयुक्त आहेत. परदेशी दुकानाने ठरवलेल्या दरावर मात्र त्यांचा अंमल चालत नाही. तेथे कार्ड-जाळ्यांचे नियम कामी येतात. त्यांनुसार ग्राहकास निवडीचा हक्क आहे, दुकानदाराने परस्पर निवड करू नये आणि पावतीवर स्थानिक रक्कम, दर व निवडलेले चलन नमूद असावे.

व्यावहारिक मार्गदर्शन

वरील विवेचनावरून पुढील बाबी निष्पन्न होतात :

१. प्रवासापूर्वी आपल्या कार्डाच्या शुल्कपत्रकात दोन नोंदी पाहाव्यात : परकीय चलनावरील अधिभार आणि परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरील शुल्क.

२. यंत्रावर पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरील चलन वाचावे. रुपये दिसल्यास स्थानिक चलनाची मागणी करावी.

३. यंत्राने दाखवलेला दर कार्ड-जाळ्याच्या त्या दिवसाच्या दराशी ताडून पाहावा. ‘कमिशन नाही’ या शब्दांवर विसंबू नये, कारण कमिशन दरातच दडलेले असू शकते.

४. न विचारता रुपयांत आकारणी झाल्यास तेथेच व्यवहार रद्द करून नव्याने करण्यास सांगावे. ते शक्य नसल्यास पावती जपून बँकेकडे लेखी हरकत घ्यावी. बँकेच्या सेवेतील त्रुटीबाबत ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल यंत्रणेकडे दाद मागता येते.

५. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका व मॉरिशस येथे सुरू झालेल्या यूपीआय सेवेसारखे पर्याय उपलब्ध असल्यास त्यांचाही दर पाहूनच वापर करावा.

समारोप

चलन-रूपांतराचा खर्च संपूर्णपणे टाळता येत नाही, कारण ती एक सेवा आहे आणि सेवेस मोल असते. परंतु ते मोल किती, हे जाणून देणे आणि अजाणता देणे यांत मोठे अंतर आहे. पेशवाईतील गिऱ्हाईक बट्टा मोजून देत असे, कारण नाणे त्याच्या हातात व सराफ त्याच्या समोर असे. आजच्या व्यवहारात दोन्ही अदृश्य झाले आहेत, आणि निर्णयासाठी पडद्यावर जेमतेम काही क्षण मिळतात. त्या क्षणांत आकड्यापूर्वीचे चलन-चिन्ह वाचण्याची सवय विद्यार्थ्यांमध्ये रुजवणे, हे वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापनाचे एक छोटे परंतु उपयुक्त उद्दिष्ट ठरू शकेल.